धाव गेली, टायर आला: नगरच्या रस्त्यांवरचा आवाज आणि आराम



दिवाळीत मामेभावाने गाडीची चाकं बदलली. कंपनीची पंधरा इंची काढून सतरा इंची अलॉय बसवली. गाडी एकदम ऐटबाज दिसायला लागली. मग सगळे मिळून कोपरगावहून नगरला निघालो. मागे बसलेल्या मामी राहुरीपर्यंत गप्प होत्या. त्यानंतर त्यांनी विचारलं की ही मोटार आहे की आपली जुनी बैलगाडी? सगळे हसले. मला मात्र त्यात माझ्या पीएचडीचं अख्खं प्रकरण दिसलं.

माझा विषय आहे दख्खनच्या पठारावरच्या बैलगाडीचं चाक आणि विसाव्या शतकात त्यात झालेला बदल. 'चाकावर पीएचडी?' असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की मामींचं म्हणणं यंत्रशास्त्राच्या हिशेबाने बरोबर होतं. ते का, हे सांगायला मला तुम्हाला थोडं मागे न्यावं लागेल. आणि त्या वाटेवर एक प्रश्न सारखा भेटणार आहे: चाक सुधारलं की त्याचा आराम नेमका कुणाला मिळतो?

आधी जुनं चाक

आपल्याकडच्या जुन्या बैलगाडीचं चाक साडेचार-पाच फूट उंच. मधोमध लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर गोलाईत जोडलेले पुठ्ठे आणि हे सगळं बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. ही धाव चाकापेक्षा किंचित लहान घेराची करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची म्हणजे ती प्रसरण पावते. मग तशीच उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आकसताना ती सगळे सांधे घट्ट करते. अर्धं काम सुताराचं, अर्धं लोहाराचं.

चाक एवढं मोठं कशाला? हौस म्हणून नाही. समजा वाटेत पाच सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. तो ओलांडायला चाकाला किती ओढ लागेल, हे शाळेतल्या भूमितीने काढता येतं. पाच फुटी चाकाला त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण ३८ टक्के ओढ लागते. तेच चाक अडीच फुटांचं आणि तितकंच कडक असेल तर ५७ टक्के. म्हणजे चाक निम्मं केलं की त्याच दगडावर बैलांना दीडपट जोर लावावा लागतो. शिवाय मोठं चाक लहान खड्ड्यात पूर्ण उतरतच नाही, वरच्या वर निघून जातं. या गाडीला स्प्रिंग नाही, पाटे नाहीत. सस्पेन्शनचं जे काही थोडंफार काम होतं, ते चाकाची उंचीच करत होती.

पण उंची सगळं करू शकत नाही. धाव लोखंडाची, खाली दगड किंवा खडी. दोन्ही कडक, आणि मध्ये धक्का पचवणारं काहीच नाही. त्यामुळे धक्का धावेतून आऱ्यांत, आऱ्यांतून तुंब्यात, तिथून आसात, साट्यात आणि शेवटी बसणाऱ्याच्या पाठीत जातो. त्यातला काही भाग हवेत जातो, त्याला आपण खडखडाट म्हणतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: आवाज आणि हादरा हे बऱ्याच अंशी एकाच धक्क्याचे दोन परिणाम आहेत.

धाव अरुंद असते, दोनेक इंच रुंदीची. काळ्या जमिनीत पावसाळ्यात ती सुरीसारखी रुतते आणि मागे खोल घळ पाडते. पुढची गाडी त्याच घळीतून जाते, त्यामागची पण. त्या घळीला आपण चाकोरी म्हणतो. 'चाकोरीबाहेर विचार करा' असं सांगणाऱ्या किती जणांना ही मूळ चाकोरी माहीत असते, देव जाणे!

टॉमसनची तीन आश्वासनं

आता जरा दूर जाऊ. कडक चाकाच्या दुखण्यावर दोन उपाय निघतात. एक, रस्ताच गुळगुळीत करा. रेल्वेने तेच केलं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी ओढीत पळतं. आपल्या जिल्ह्यातून जाणारी दौंड–मनमाड लाइन १८७८ साली सुरू झाली ती याच तत्त्वावर. पण रूळ प्रत्येक वस्तीपर्यंत नेता येत नाही. मग दुसरा उपाय: रस्ता आहे तसा राहू दे, चाक मऊ करा.

हा दुसरा उपाय रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश तरुणाला सुचला. १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, बाहेर कातड्याचं आवरण. मोटारी तेव्हा नव्हत्या, त्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोर घोडागाडीच होती. पेटंटमध्ये त्याने तीन उद्देश लिहिले: गाडी ओढायला लागणारा जोर कमी व्हावा, तिची चाल सुखाची व्हावी आणि तिचा आवाज कमी व्हावा. ओढ, आराम, आवाज. तिन्ही एकाच वाक्यात, कारण तिन्हींचं मूळ एकच धक्का आहे हे त्याने ओळखलं होतं.

हवा नेमकं काय करते? कडक चाक दगडावर आलं की अख्खी गाडी उचलली जाते. हवेच्या चाकात दगड टायरमध्ये शिरतो, टायर त्याच्याभोवती वाकतो आणि गाडी जवळजवळ तिथल्या तिथेच राहते. दगड मागे पडला की दबलेला टायर पुन्हा पूर्ववत होतो आणि दबताना खर्चलेला बराचसा जोर परत देतो. म्हणूनच हवेचं चाक लहान असलं तरी चालतं. उंचीने जे काम व्हायचं, त्यातलं बरंचसं हवा करते.

टॉमसनचा शोध महाग पडला आणि विस्मरणात गेला. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलवर हाच प्रयोग केला आणि १८८८ साली पेटंट घेतलं. (टॉमसन आधीच होऊन गेल्यामुळे ते पुढे रद्द ठरलं.) डनलॉपचा मूळ धंदा काय होता माहीत आहे? जनावरांचा डॉक्टर. बैलगाडीचा इतिहास वाचताना हे आठवलं की मला गंमत वाटते.

लक्षात घ्या, सुरुवात पोराच्या आरामापासून झाली. पण पुढच्याच वर्षी हे टायर सायकल शर्यती जिंकायला लागले आणि आराम मागे पडून वेग पुढे आला. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी मोटारीला हवेचे टायर लावले. म्हणजे शोधाला पन्नास वर्षं होतायत तोवर टॉमसनच्या तीन आश्वासनांत एक चौथी गोष्ट शिरली होती, जी त्याने लिहिलीच नव्हती.

रस्ता वाचवायला टायर

आपल्याकडे हवेचं चाक बैलगाडीपर्यंत पोचलं ते बैलाची दया येऊन नाही. त्यामागे रस्त्याची काळजी होती.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. खडीचे रस्ते एकीकडून मोटारीच्या वेगाने उखडत होते, दुसरीकडून धावेने चिरले जात होते. १९२७ साली सरकारने रस्तेविकासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. या समितीच्या शिफारशींतून रस्त्यांसाठी केंद्रीय निधी आला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. लोखंडी धावेच्या गाड्यांमुळे रस्त्याचं होणारं नुकसान हा तिथला नेहमीचा विषय.

अभियंत्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एक ढोबळ हिशेब करू. एका चाकावर ५०० किलो वजन आहे. टायरमध्ये हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला तीन किलो असेल, तर टायर रस्त्याला साधारण १७० चौरस सेंटिमीटर जागेत टेकतो, म्हणजे तळहाताहून थोडी जास्त जागा. तेच वजन पाच सेंटिमीटर रुंदीच्या धावेवर टाका. कडक रस्त्यावर ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीतच टेकते, म्हणजे जागा पाच ते दहा चौरस सेंटिमीटर. दाब सतरा ते चौतीसपट! खडीचा चुरा होणारच.

पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. लाकडी चाक गावात होतं, गावात दुरुस्त व्हायचं, आणि मजुरी बऱ्याच ठिकाणी बलुत्यात धान्याच्या रूपाने फिटायची. टायर रोख पैशाने घ्यायचा, बाजारातून आणायचा, पंक्चर झाला तर काढणारा शोधायचा. मग एवढा खर्च कोण करणार? ज्याला त्यातून रोख पैसा सुटेल तोच. हा रोख पैसा आपल्या जिल्ह्यात उसातून आला.

ऊस आणि टायर

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना होता. मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं, धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. तिची एक बाजू मात्र कमी सांगितली जाते. ती म्हणजे वाहतूक.

ऊस तोडला की त्यातली साखर घटायला लागते. तो लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे. कारखाना रात्रंदिवस चालतो, त्याला सारखा ऊस लागतो. अशा वेळी एका खेपेत किती ऊस येतो याला फार महत्त्व येतं. धावेची गाडी जेवढं नेईल त्यापेक्षा कितीतरी जास्त टायरची गाडी नेते. तेव्हा पुढच्या काही दशकांत उसाच्या वाहतुकीतून लाकडी चाक हटत गेलं. लोखंडी सांगाडा, बेअरिंगचा आस आणि बहुधा ट्रक किंवा जीपचे जुने टायर, अशी टायरगाडी आली. चाकाची उंची जवळपास निम्म्यावर आली. पाथर्डी-शेवगावकडून आणि शेजारच्या बीडमधून येणाऱ्या तोडणी कामगारांत 'टायर'वाले आणि ट्रक भरणारे 'डोकी'वाले असे प्रकारच पडले. टायरवाल्याचे बैल बहुतेक वेळा उचलीच्या पैशातून घेतलेले, आणि गाडी अनेक ठिकाणी कारखान्याकडून भाड्याने मिळालेली.

आता टॉमसनचं पहिलं आश्वासन आठवा: ओढ कमी होईल. झाली का? किलोमागे नक्कीच झाली. पण बैलाची झाली का?

याचं उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडलं, कायद्यात. ओढकाम करणाऱ्या जनावरांवर क्रौर्य होऊ नये म्हणून १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यात किती भार चालेल याचा तक्ता आहे. मध्यम आकाराचा बैल आणि दोन चाकांची गाडी असेल तर: हवेचे टायर नसतील तर ७०० किलो, हवेचे टायर असतील तर १०५० किलो, बॉल बेअरिंग असतील तर १४०० किलो. म्हणजे चाक सुधारून वाचलेला जोर बैलाच्या वाट्याला येऊ न देता तो पुन्हा ओझ्याच्या रूपाने भरून काढायची सोय प्राण्यांच्या संरक्षणाच्या नियमातच आहे. मी यात कुणाला दुष्ट ठरवत नाही. भार मोजायची काहीतरी मर्यादा असणं चांगलंच. पण हा तक्ता वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

आयआयएम बंगळूरचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडी हा व्यवस्थापनशास्त्राचा विषय केला. त्या काळी लोक त्यांना हसत असतील, जसे आता मला हसतात. त्यांचा भर होता तो चाकाइतकाच जुवावर, म्हणजे बैलाच्या मानेवर. दोन चाकांच्या गाडीत ओझं आसाच्या थोडं पुढे सरकलं की त्याचा भार जुवावर येतो. उतारावर तर अख्खी गाडीच बैलांच्या अंगावर येते. धावेची गाडी जड चालायची, त्यामुळे उतारावर ती स्वतःच थोडी अडायची. टायरगाडी सहज घरंगळते. तिला ब्रेक नसेल तर ते दोन टनांच्या आसपासचं ओझं रोखायचं कुणी? बैलांनी, मानेने आणि पायांनी.

आवाज गेला, मग?

तिसरं आश्वासन मात्र पूर्णपणे पाळलं गेलं. टायरगाडी आवाज करत नाही.

धावेची गाडी अर्ध्या कोसावरून ऐकू यायची. आसाला वंगण कमी पडलं की करकर वेगळीच. रात्री झोपेत माणसं ओळखायची की कुणाची गाडी आली. आता हंगामात पहाटे तीन-चार वाजता कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहून बघा. उसाने भरलेली टायरगाडी अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळ असेल तर तेवढीच. मागे दिवा नाही, उसाचे वाढे दोन्ही बाजूंना आणि मागे पसरलेले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला गाडीचा आवाज येणार नव्हताच, तो केबिनमध्ये असतो. पण रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, मोटारसायकलवाल्याला पूर्वी कान सावध करायचे. आता सगळं डोळ्यांवर आलंय, आणि ते अंधारात. म्हणून दर हंगामात गाड्यांना आणि ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. ज्या गाड्यांना ते लागत नाहीत, त्यांच्यासाठी पहाटेचा रस्ता आजही धोक्याचा आहे.

हा प्रश्न फक्त बैलगाडीचा नाही. इलेक्ट्रिक मोटारी कमी वेगात इतक्या शांत चालतात की युरोपात २०१९ पासून त्यांच्या नव्या मॉडेलांना मुद्दाम आवाज काढणारं यंत्र बसवणं बंधनकारक केलं. आपल्या पूर्वजांनी बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधले ते शोभेसाठी होते असं म्हणण्याआधी मी आता दोनदा विचार करतो.

परत मामेभावाच्या गाडीकडे

आता मामींचा प्रश्न. टायरच्या कडेवर आकडे असतात, ते वाचायला शिका. मामेभावाचा जुना टायर १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम पंधरा इंची. कडेची उंची निघते १२० मिलिमीटर. नवा टायर २०५/४५ आर १७. कडेची उंची २०५ च्या ४५ टक्के, म्हणजे ९२ मिलिमीटर. बाहेरून दोन्ही चाकांचा व्यास जवळजवळ सारखाच, ६२ सेंटिमीटरच्या आसपास. मग मोठं काय झालं? फक्त धातू. कमी काय झाली? हवा. रस्ता आणि रिम यांच्यामध्ये इंचभराहून जास्त उशी गेली.

म्हणजे 'मोठी चाकं' बसवून चाक मोठं झालंच नाही. पाच फुटी चाकाला उंचीचा जो फायदा होता तो मिळाला नाही, आणि हवेचा होता तोही थोडा गेला. वाकायला जागा कमी, म्हणून धक्का जास्त. आणि मघाशी म्हटलं तसं, धक्का वाढला की आवाज आलाच. टायर रुंद झाल्यामुळे रस्त्याशी घासणारा पृष्ठभाग वाढला, त्याचा आवाज वेगळा. शिवाय टायरच्या पोकळीतली हवा स्वतःही घुमते. या मापाच्या टायरमध्ये तो घुमा साधारण दोनशे ते सव्वादोनशे हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे खड्ड्यानंतर कानात राहणारी ती 'घूं'. वेग वाढला की इंजिनापेक्षा टायरचाच आवाज जास्त ऐकू येतो, त्यामुळे गाडी कितीही भारी असली तरी हा बदल लपत नाही.

न्यायाने सांगायचं तर सतरा इंचीचे फायदेही आहेत. वळणावर गाडी कमी डोलते, स्टिअरिंगला लगेच प्रतिसाद देते, मोठ्या ब्रेकला जागा मिळते. गुळगुळीत रस्त्यावर हे सगळं मस्तच. ज्याला ते हवंय त्याने जरूर घ्यावं. फक्त आपण कशाच्या बदल्यात काय घेतोय ते माहीत असावं. आणि चाकं बदला किंवा बदलू नका, टायरमध्ये हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच भरा. जास्त हवा भरली की तुमचा टायर पुन्हा धावेच्या दिशेने प्रवास सुरू करतो.

या सगळ्यात मला एक योगायोग नेहमी दिसतो. नगरजवळ वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा आहे. देशात वाहनांची चाचणी करून प्रमाणपत्र द्यायचा अधिकार असलेल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. तिथे वाहनाचे हादरे आणि आवाज यंत्रांनी मोजता येतात. त्याच जिल्ह्यात, हंगामात, टायरगाडी रोज रस्त्यावर असते आणि तिच्या बैलाच्या मानेवर किती भार येतो हे मोजायला वजनकाट्याशिवाय काही नसतं. आणि वजनकाटा मान मोजत नाही, ऊस मोजतो. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मला हेच मोजायचं आहे: जुवाखाली एक साधा भारमापक, चढ, उतार आणि सपाट रस्ता, धावेची गाडी आणि टायरगाडी, रिकामी आणि भरलेली.

त्यासाठी तुमची मदत हवी आहे. तुमच्या वाड्याच्या मागे, गोठ्यात किंवा बांधावर जुनं लाकडी चाक पडलेलं असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी तीन मापं घ्या: चाकाचा पूर्ण व्यास, धावेची रुंदी आणि आऱ्यांची संख्या. गावाचं नाव लिहून मला पाठवा. आणि घरात कुणी धाव चढवताना पाहिलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्यांना एकदा विचारून घ्या की पाणी ओतल्यावर चाकाचा आवाज कसा यायचा. पुढच्या लेखात त्या भट्टीकडे जाऊ.